घरची थैली आणि शाळेचे काम

नित्याच्या व्यवहारातील काही वस्तू इतक्या क्षुल्लक असतात की, त्यांच्याविषयी विचार करावा असे सहसा कोणास वाटत नाही. बाजारातून भाजी आणताना हाती येणारी पातळ प्लॅस्टिकची पिशवी, जिला आपल्या भागात पन्नी म्हणतात, ही अशीच एक वस्तू होय. ती फुकट मिळते, क्षणभर उपयोगी पडते आणि फेकली जाते. ग्रामीण शाळेतील शिक्षकाने तिच्याकडे का लक्ष द्यावे व कोणत्या मर्यादेत द्यावे, हे येथे सांगावयाचे आहे.

नागपूर शहराच्या उत्तरेस जरीपटका ही वसाहत आहे. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी ती वसविली आणि व्यापाराने नावारूपास आणली. आपल्या जिल्ह्यातील अनेक शिक्षक शहरात राहून गावी ये-जा करतात. सायंकाळी परतताना अशाच एखाद्या बाजारातून ते घरचा जिन्नस घेतात. तेथे घटकाभर उभे राहून पाहावे. टोमॅटो एका पिशवीत, सांबाराची जुडी दुसऱ्या पिशवीत, चार लिंबे तिसरीत आणि या तिन्ही मिळून चौथ्या पिशवीत! विक्रेत्यास विचारले तर तो सांगतो की, गिऱ्हाईक रिकाम्या हाताने येते. पिशवी नाही म्हटले तर ते शेजारच्या गाडीवर जाते. त्याचे म्हणणे खोटे नाही. म्हणजे या प्रश्नाचे मूळ दुकानात नसून आपण घरातून कसे निघतो यात आहे.

ज्यांचे वय आज पन्नाशीच्या पुढे आहे त्यांना आठवत असेल की, किराणा कागदाच्या पुड्यात दोऱ्याने बांधून मिळे, तेलासाठी घरची बाटली न्यावी लागे आणि बाजाराची थैली दाराजवळच्या खुंटीवर लटकत असे. हल्लीच्या बंदांच्या पिशवीचा नमुना स्वीडनमधील अभियंता स्टेन गुस्टाफ थुलिन यांनी तयार केला व १९६५ साली त्यास अमेरिकेत पेटंट मिळाले. कागदी पिशव्यांसाठी झाडे तोडली जाऊ नयेत हा त्यांचा हेतू होता आणि ते स्वतः अशी पिशवी घडी करून खिशात बाळगीत, असे त्यांच्या पुत्राने पुढे सांगितले आहे. ही गोष्ट शिक्षकाने ध्यानी ठेवण्यासारखी आहे. वस्तू हलकी, मजबूत व पाण्यास दाद न देणारी होती. दोष शिरला तो एकदा वापरून टाकण्याच्या सवयीने.

टाकलेली पिशवी कुजत नाही. उन्हाने ती ठिसूळ होते, तिचे बारीक तुकडे होतात आणि ते मातीत व पाण्यात राहतात. उष्ट्या अन्नासह फेकलेली पिशवी गाय गिळते. ती पचत नाही व सहसा बाहेरही पडत नाही. पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात तिचे गोळे साठत जातात, जनावराचे खाणे मंदावते आणि अखेर ते दगावते. हेच प्लॅस्टिक नाल्यांतही अडकते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. केवळ पिशव्यांमुळे तो पूर आला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु पाण्याचा निचरा अडविणाऱ्या कारणांत त्यांची गणना झाली आणि पुढील वर्षी ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांस राज्यात मनाई करणारे नियम आले. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

त्यानंतर २३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्र शासनाने अधिसूचना काढून सर्व जाडीच्या प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी घातली. तीन महिन्यांच्या सवलतीनंतर ती अमलात आली. पहिल्या अपराधास पाच हजार, दुसऱ्यास दहा हजार आणि तिसऱ्यास पंचवीस हजार रुपये दंड व कारावास, अशी शिक्षा ठरली. तरीही पन्नी बाजारातून नाहीशी झालेली नाही, हे आपण सर्वजण पाहतो. बांगलादेशाने पातळ पिशव्यांवर २००२ सालीच बंदी घातली होती. तेथेही हाच अनुभव आला. उलट आयर्लंडने त्याच वर्षी प्रत्येक पिशवीवर १५ सेंट कर बसविला, तेव्हा लोक घरून पिशवी नेऊ लागले व पिशव्यांचा वापर सुमारे नव्वद टक्क्यांनी घटला. सवय बदलली तेथे कार्य झाले. सवय लावणे हे तर शाळेचेच काम होय.

आता पर्यायाविषयी थोडे सांगितले पाहिजे. कारण येथे फसगत होते. कापडासारख्या दिसणाऱ्या रंगीत नॉन-वोव्हन पिशव्या दुकानातून मिळतात. त्या बहुधा पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे प्लॅस्टिकच्याच असतात. शिक्षकाने मोकळ्या जागेत, स्वतःच्या हाताने, चिमट्यात धरून तिचा एक लहानसा तुकडा आणि सुती धागा ज्योतीजवळ न्यावा. सूत जळून त्याची राख होते. प्लॅस्टिक आक्रसते व त्याचा कडक मणी बनतो. विज्ञानाच्या तासास एवढा प्रयोग पुरेसा आहे.

नवी सुती पिशवी विकत घेणे हाही पूर्ण उपाय नव्हे. कापसाच्या एका पिकास किती पाणी, खत व कष्ट लागतात, हे विदर्भातील शिक्षकास सांगावयास नको. डेन्मार्कच्या पर्यावरण विभागाने २०१८ साली केलेल्या तुलनेत, केवळ हवामानावरील परिणाम धरला तरी सुती पिशवी किमान ५२ वेळा वापरावी लागते, असे आढळले. इतर परिणाम धरल्यास ही संख्या हजारोंवर जाते. यास्तव घरातील जुन्या कापडाची थैली सर्वांत उत्तम. जुनी विजार, पडदा, बाबांचा विरलेला सदरा यांतून ती सहज होते.

कार्यानुभवाच्या तासास पाचवीपासूनच्या मुलामुलींकडून ती करवून घ्यावी. ९० सेंटिमीटर लांब व ४० सेंटिमीटर रुंद पट्टी घ्यावी. दोन्ही टोके ३ सेंटिमीटर दुमडून शिवावीत, पट्टी मधोमध घडी करून बाजू एक-एक सेंटिमीटर आत शिवाव्यात. ४२ सेंटिमीटर खोल व ३८ सेंटिमीटर रुंद थैली तयार होते. बंदांसाठी ५० सेंटिमीटर लांब व ८ सेंटिमीटर रुंद दोन पट्ट्या चौपदरी दुमडाव्यात. मोजमाप, बेरीज व वजाबाकी यांचा पाठ आपोआपच होतो. त्याचबरोबर मुलांनी आपल्या घरी आठवडाभरात किती पिशव्या आल्या याची नोंद ठेवावी. थैली सुरू झाल्यावर पुन्हा आठवडाभर मोजावे व दोन्ही नोंदींचा स्तंभालेख काढावा. घरातील कोणाची नावे फळ्यावर लिहू नयेत.

काही गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. मुलांना उघड्या हातांनी कचरा वेचावयास लावू नये. साचलेल्या पिशव्या शाळेच्या आवारात जाळू नयेत. त्यांचा धूर मुलांच्याच छातीत जातो. चूल पेटविण्यास पन्नीचा तुकडा वापरू नये, हेही मुलांकरवी घरी सांगावे. थैलीसाठी नवे कापड आणण्याची सक्ती कोणावरही करू नये.

शेवटची सूचना माझ्या स्वतःच्या चुकीतून आलेली आहे. शिक्षक असताना मी एकदा शाळेत स्वच्छतेचा उपक्रम घेतला व वर्गातील सर्व पन्न्या गोळा करून फेकून दिल्या. त्यांतील एका पन्नीत एका मुलाची वह्या-पुस्तके होती. त्याच्याकडे दप्तर नव्हते, ही गोष्ट मला ठाऊक असावयास हवी होती. त्या दिवशी दुपारी पाऊस आला. दुसऱ्या दिवशी त्याने भिजलेली पुस्तके खिडकीत वाळत घातली. तो मला काहीच बोलला नाही. तीच पिशवी तो आठवडे न् आठवडे जपून वापरीत होता. ज्या गोष्टीसाठी मी उपक्रम घेतला होता, ती वर्गात तो एकटाच करीत होता, आणि शिक्षा नेमकी त्यालाच झाली. म्हणून प्रथम पाहावे, विचारावे, मग सांगावे. अशा मुलास वर्गात शिवलेली पहिली थैली द्यावी आणि तीही सर्वांसमक्ष दान दिल्यासारखी देऊ नये.

संत गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा हाती घेत आणि मग कीर्तन करीत. शिक्षकानेही हाच क्रम पाळावा. एक थैली गाडीच्या डिकीत, एक दाराच्या खुंटीवर व एक शाळेच्या पिशवीत ठेवावी. पोषण आहाराची भाजी आणावयास जाताना शाळेची थैली न्यावी. गुरुजी किंवा बाई बाजारातून काय हाती घेऊन येतात, हे गावातील मुले रोज पाहत असतात.