एक लिटर म्हणजे एक किलो?

मागच्या उन्हाळ्यात आमच्या घरचं कैरीचं लोणचं बिघडलं. शेजारच्या काकूंनी चार किलो फोडींना एक किलो तेल सांगितलं होतं. मी दुकानातून एक लिटरची पिशवी आणली. बरणीत तेल फोडींच्या वर काही येईना. पावसाळा लागला, उघड्या राहिलेल्या फोडींवर बुरशी आली आणि अख्खी बरणी टाकून द्यावी लागली. चूक काकूंची नव्हती, दुकानदाराचीही नव्हती. मी लिटरला किलो समजलो होतो. तेल सुमारे ९० ग्रॅम कमी पडलं.

लिटर म्हणजे पदार्थानं व्यापलेली जागा. किलो म्हणजे वजन. दोन्ही आकडे जुळतात ते पाण्याच्या बाबतीत. कारण फ्रान्समध्ये १७९५ साली ग्रॅम ठरवला गेला तोच मुळी पाण्याच्या वजनावरून. आपल्याकडे गोंधळ व्हायला आणखी एक कारण आहे. जुना शेर वजनाचाही होता आणि मापाचाही. १९५६ च्या कायद्यानं किलो-लिटर आले, पण मनातला शेर गेला नाही.

स्वयंपाकघरापुरते चारच आकडे लक्षात ठेवा. एक लिटर पाणी १००० ग्रॅम, दूध सुमारे १०३० ग्रॅम, खाद्यतेल किंवा पातळ केलेलं तूप सुमारे ९१० ग्रॅम आणि मध सुमारे १४०० ग्रॅम. म्हणजे तेल पाण्याहून हलकं, मध चांगलाच जड. १५ मिलिलिटरचा मोठा चमचा घेतला, तर त्यात तेल १४ ग्रॅमच्या आसपास मावतं, मध मात्र २१ ग्रॅम.

हिशेब सोपा आहे. लिटरवरून किलो काढायचे तर तेलासाठी ०.९१ नं गुणा; किलोवरून लिटर काढायचे तर ०.९१ नं भागा. पाककृतीत २५० ग्रॅम तेल असेल, तर मापानं ते २७५ मिलिलिटर होतं.

हाच हिशेब खिशाशीही येतो. समजा, घाण्यावर तेल ३०० रुपये किलो आहे आणि दुकानात २८० रुपये लिटर. स्वस्त कोणतं? दुकानातलं वाटतं. पण २८० ला ०.९१ नं भागा. किलोला जवळजवळ ३०८ रुपये पडतात.

त्यात तेल तापलं की फुगतं. एक लिटर सोयाबीन तेल २१ अंश सेल्सिअसला ९१९ ग्रॅम भरतं, ६० अंशाला ८९२.६ ग्रॅमच. म्हणूनच केंद्र सरकारनं २०२२ मध्ये तेल कंपन्यांना सांगितलं, की पिशवीवर तापमानाचा उल्लेख न करता माप लिहा आणि सोबत वजनही द्या. तेव्हा पिशवी घेताना दोन्ही आकडे वाचा.

घरातल्या वाटीचं माप ठाऊक नसेल, तर रिकामी वाटी वजनकाट्यावर ठेवा, मग पाण्यानं काठोकाठ भरून पुन्हा तोला. जितके ग्रॅम वाढले, तितके मिलिलिटर तुमची वाटी.

आम्हा कवींना हे खरं तर आधीच कळायला हवं होतं. अक्षर कागदावर एकेकच दिसतं. पण लघूची मात्रा एक, गुरूच्या दोन. वृत्तात हे विसरलं तर ओळ लंगडते. स्वयंपाकघरात विसरलं, तर वर्षाचं लोणचं जातं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)