पर्यटकांचा पैसा कोठे मुरतो?

कोकणात आंब्याला मोहोर आला की बागांच्या राखणीसाठी नेपाळी गडी येऊन दाखल होतात. मुंबईतील इमारतींच्या फाटकांवर आणि गोव्यातील हॉटेलांच्या भटारखान्यांतही नेपाळी माणूस दिसतोच. यांपैकी पुष्कळजण नेपाळच्या डोंगराळ, दरिद्री जिल्ह्यांतून आलेले असतात. ज्या देशाचे सौंदर्य पाहण्यासाठी जग हजारो मैलांवरून येते, त्याच देशाच्या तरुणांना पोटासाठी घरदार सोडावे लागते आणि कित्येकदा परमुलखात येणाऱ्या प्रवाशांचीच सरबराई करावी लागते, हा विरोधाभास विचार करण्याजोगा आहे. पर्यटन म्हणजे गरीब राष्ट्रांच्या दारिद्र्यावरचा रामबाण उपाय, असे मानणाऱ्यांनी तर तो अवश्य तपासला पाहिजे.

या व्यवसायाचे भांडवल निसर्गाने नेपाळला भरभरून दिले आहे. आठ हजार मीटरांहून उंच अशा जगातील १४ शिखरांपैकी ८ शिखरे नेपाळच्या भूमीवर किंवा सीमेवर आहेत. १९५३ साली तेनसिंग आणि हिलरी यांनी एव्हरेस्ट सर केले आणि हा देश जगाच्या नजरेत भरला. १९६४ मध्ये लुक्ला येथे धावपट्टी झाली. हिमालयात पायी सहली नेणारी पहिली कंपनीही त्याच वर्षी काठमांडूत निघाली. २०१९ मध्ये सुमारे १२ लाख परदेशी प्रवासी आले. करोनाच्या साथीमुळे २०२० मध्ये ही संख्या अडीच लाखांच्याही खाली गेली. २०२४ मध्ये ती पुन्हा साडेअकरा लाखांच्या घरात पोचली.

तथापि देशाचा संसार मुख्यतः चालतो तो आखाती देश, मलेशिया आणि भारत येथे राबणाऱ्यांनी घरी धाडलेल्या पैशावर. ही रक्कम राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे चतुर्थांशाइतकी भरते. पर्यटनातून मिळणारे परकीय चलन तिच्या एकदशांशाइतकेही नाही. याची कारणे उघड आहेत. प्रवाशाच्या खर्चाचा मोठा वाटा परदेशी विमान कंपन्या आणि सहलींचे दलाल यांच्याकडे जातो. काही भाग आयात केलेल्या मालावर खर्ची पडतो. जे उरते तेही बव्हंशी काठमांडू, पोखरा आणि दोन-चार प्रसिद्ध वाटांवरच राहते. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा महाराष्ट्राच्या परिचयाची आहे. पैशालाही तोच न्याय लागू पडतो: केवळ पाऊस पडून भागत नाही.

जेथे पैसा येतो, तेथेही तो कोणाच्या हाती किती पडतो हे पाहावे लागते. १८ एप्रिल २०१४ रोजी एव्हरेस्टच्या वाटेवरील खुंबू हिमप्रपातात हिमकडा कोसळून १६ नेपाळी कामगार मृत्युमुखी पडले. गिर्यारोहकांसाठी वाट तयार करणे आणि सामान वर पोचवणे हे त्यांचे काम. त्या काळी मोठ्या तुकडीतील परदेशी गिर्यारोहकाकडूनही शासन माणशी १०,००० डॉलर शुल्क घेत असे. मृतांच्या कुटुंबांना मात्र तातडीची मदत म्हणून प्रथम ४० हजार नेपाळी रुपये, म्हणजे सुमारे ४०० डॉलर देऊ करण्यात आले. शेर्पांनी काम थांबवले, तो हंगाम वाया गेला, तेव्हा कोठे त्यांच्या विम्याची किमान रक्कम १० लाखांवरून १५ लाख नेपाळी रुपयांवर गेली. रोजगार मिळाला म्हणजे न्याय मिळाला, असे होत नाही, हे या घटनेने दाखवून दिले.

याची दुसरी बाजूही नेपाळमध्येच पाहावयास मिळते. अन्नपूर्णा परिसरातील घांद्रुक गावी १९८६ मध्ये एक संवर्धन प्रकल्प सुरू झाला. पर्यटकांचे प्रवेशशुल्क सरकारी तिजोरीत न जाता त्याच परिसरात खर्च व्हावे, ही त्यामागील भूमिका होती. त्यातून पायवाटा, शाळा, पिण्याचे पाणी अशी कामे झाली. लॉजमालकांच्या समित्या दर ठरवू लागल्या, त्यामुळे एकमेकांचे दर पाडण्याची चढाओढ आवरली. जंगल वाचावे म्हणून सरपणाऐवजी रॉकेलचा वापर वाढवण्यात आला. त्याच क्षेत्रातील मार्फा गावची सफरचंदे प्रवाशांना विकली जाऊ लागली, तेव्हा पर्यटनाचा लाभ लॉज नसलेल्या शेतकऱ्यालाही मिळाला. परदेशी पैसा गावात मुरतो तो असा.

परंतु गरज सर्वांत मोठी आहे ती कर्णाली प्रांतात. नेपाळमधील सर्वांत मोठे सरोवर, रारा, तेथेच आहे. मात्र रस्ते आणि दवाखाने यांची वानवा असल्याने परदेशी प्रवासी तिकडे क्वचितच वळतात. दुसरीकडे पोखरा येथे चीनकडून २० कोटी डॉलरांहून अधिक कर्ज घेऊन बांधलेला आंतरराष्ट्रीय विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला आणि पुढील दोन वर्षे नियमित परदेशी उड्डाणांची वाटच पाहत राहिला. अग्रक्रम चुकला की कर्ज देशाच्या माथी बसते आणि गरीब जिल्हा होता तेथेच राहतो.

शिवाय पर्यटन हे बेभरवशाचे उत्पन्न आहे. २०१५ च्या भूकंपात सुमारे ९ हजार माणसे दगावली आणि प्रवाशांचा ओघ आटला. पाच वर्षांनी साथीने तेच केले. म्हणून हा व्यवसाय शेतीची जागा घेणारा नव्हे, तर तिला जोड देणारा असावा. शुल्काचा ठरावीक वाटा गावाकडे यावा, हमाल आणि वाटाडे यांना विमा व किमान मजुरी मिळावी आणि लॉजच्या ताटात गावचे धान्य, भाजी असावी, एवढे तरी कायद्याने साधले पाहिजे. सप्टेंबर २०२५ मध्ये नेपाळच्या तरुणांचा जो उद्रेक झाला, त्यामागे भ्रष्टाचाराच्या चिडीबरोबर बेकारीही होती. पर्यटन खात्याने प्रवाशांची संख्या दरवर्षी जरूर जाहीर करावी. परंतु त्यांच्यामुळे किती तरुणांचे परदेशी जाणे टळले, हा आकडाही तिच्याशेजारी मांडावा. या व्यवसायाचे खरे मोल त्यावरूनच ठरेल.