आयुष्मान कार्ड आहे, मग सिकलसेल तपासणी कशाला?

शहादा तालुक्यातील पुरुषोत्तमनगर हे साखर कारखान्याचे गाव. मात्र ऊसतोडीच्या हंगामात नंदुरबार जिल्ह्यातील अनेक आदिवासी कुटुंबे गुजरातला जातात. आयुष्मान कार्ड तिथल्या संलग्न रुग्णालयातही चालते. कुटुंबाला वर्षाकाठी ५ लाखांपर्यंत उपचार. पण रुग्ण दाखल झाला तरच. सिकलसेलच्या अनेक रुग्णांना रोज लागणारी हायड्रॉक्सीयुरिया, ओपीडीचा खर्च त्यात बसत नाही. खरी अडचण इथेच आहे.

म्हणून तपासणी आधी. १ जुलै २०२३ला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी होते. निकाल पोर्टलवर नोंदवतात. वाहकाला सहसा त्रास नसतो. पण नवरा-बायको दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. त्यामुळे लग्नाआधीच तपासलेले बरे. रुग्ण असल्यास तोडीला निघताना आयुष्मान कार्डासोबत तपासणीचा कागद आणि गोळ्याही घ्याव्यात.