सतराव्या वर्षी पायदळात: छत्रीधारी उस्तादांच्या हाताखालील शिक्षण

सैन्यभरतीच्या मेळाव्यास जाणाऱ्या उमेदवाराजवळ जी कागदपत्रे असावी लागतात, त्यांत सरपंचांनी दिलेला वर्तणुकीचा दाखला आणि शाळेच्या मुख्याध्यापकांनी दिलेला चारित्र्याचा दाखला यांचा समावेश असतो. उमेदवार एकवीस वर्षांच्या आतील असल्यास तो अविवाहित असल्याचा दाखलाही सरपंचांकडूनच घ्यावा लागतो. साडेसतरा वर्षे पूर्ण झालेला मुलगा भरतीस पात्र ठरतो. मात्र अठरा पूर्ण नसतील तर नावनोंदणीच्या कागदावर पालकांची सही आवश्यक असते. एका कोवळ्या मुलाच्या हाती बंदूक येण्यापूर्वी गावातील तीन वडीलधाऱ्यांची लेखणी अशा रीतीने उठलेली असते. परंतु हा मुलगा पुढे नेमका कोठे जातो आणि तेथे त्याचे काय होते, याची कल्पना सह्या करणाऱ्यांपैकी फार थोड्यांना असते.

सातारा जिल्ह्यातील एका गावी राहणारे एक निवृत्त सुभेदार 1969 साली, वयाच्या सतराव्या वर्षी पॅराशूट रेजिमेंटमध्ये दाखल झाले. शाळेच्या दाखल्यावर त्यांची जन्मतारीख 1 जून अशी आहे. शिक्षकबंधूंना या तारखेचे रहस्य सांगावयास नको. मूल शाळेत आणले गेले की गुरुजी अंदाजाने साल आणि सोयीने महिना लिहीत. त्यामुळे भरतीच्या दिवशी आपले खरे वय काही महिन्यांनी कमीच असावे, असे सुभेदारसाहेब हसत सांगतात. त्यांचे शिक्षण ज्या उस्तादांच्या हाताखाली झाले ते सर्व छत्रीधारी सैनिक होते, आणि छत्रीधारी सैनिकांचा कडकपणा साऱ्या पायदळात प्रसिद्ध आहे.

पहिल्या महिन्याविषयी त्यांच्या आठवणी उत्साहवर्धक नाहीत. पहाटेच्या काळोखात शिटी वाजे, आणि दाढी, बिछाना, बूट व बॅरेकची फरशी हे सारे थोड्या मिनिटांत पार पाडून ‘फॉल-इन’ व्हावे लागे. एका रंगरूटाच्या बुटाचा बंद सुटलेला दिसला तर साऱ्या स्क्वाडला ‘रगडा’ मिळे, म्हणजे कोपरांवर सरपटणे, कोलांट्या आणि रायफल डोक्यावर धरून धावणे. त्या काळची स्वयंभरण रायफल सुमारे साडेचार किलो वजनाची होती. ती डोक्यावर धरून मैदानाला तिसरा फेरा पडला की तिचे वजन दहा किलो वाटे. उस्तादांची हिंदी निम्मी कळे, निम्मी अंदाजाने ओळखावी लागे. लंगरमध्ये भाकरी नव्हती. रात्री पांघरुणात तोंड खुपसून रडणारे केवळ आपणच नाही, हे कळावयास पंधरा दिवस लागले, असे ते सांगतात.

एकाच्या चुकीसाठी सर्वांना शिक्षा हा प्रकार बाहेरच्या माणसास अन्यायाचा वाटतो, आणि तो एका अर्थी आहेच. तथापि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून बॅरेकमध्ये एक बदल दिसू लागला. फॉल-इनपूर्वी मुले एकमेकांचे बंद, पट्टे आणि गुंड्या तपासू लागली. उस्तादांनी याविषयी एकही व्याख्यान दिले नव्हते. पुढे विमानाच्या दारापाशी उभे राहताना पुढच्याच्या पाठीवरील छत्रीचे बंध मागच्याने तपासावयाचे असतात, आणि त्या तपासणीवर पुढच्याचा जीव अवलंबून असतो, हे त्या मुलांस फार उशिरा कळले.

छत्रीधारी दलाशी महाराष्ट्राचा संबंध जुना आहे. दुसऱ्या महायुद्धात ऑक्टोबर 1941 मध्ये भारतीय सैन्यात 50 वी पॅराशूट ब्रिगेड उभी राहिली. या ब्रिगेडने मार्च 1944 मध्ये मणिपूरमधील सांगशाक येथे जपान्यांशी जी झुंज दिली, तीत मराठा रेजिमेंटची चौथी पलटण तिच्या बरोबरीने लढली. तिसरी मराठा पलटण त्या वर्षी इटलीत होती. व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी नाईक यशवंत घाडगे हे याच पलटणीचे. 10 जुलै 1944 रोजी ते धारातीर्थी पडले. युद्धानंतर 1946 साली या पलटणीचे रूपांतर छत्रीधारी पलटणीत झाले. 1952 साली पॅराशूट रेजिमेंट स्थापन झाली तेव्हा पंजाब, मराठा आणि कुमाऊँ या तीन रेजिमेंटांतील एकेक पलटण तिच्यात आली, आणि मराठा पलटण ‘दोन पॅरा’ झाली. सुभेदारसाहेबांच्या बॅरेकमध्ये म्हणूनच सातारी, पंजाबी आणि कुमाऊँनी मुले शेजारी शेजारी झोपत होती.

छत्रीची उडी

छत्रीने उतरणे हा छत्रीधारी सैनिकाच्या कामाचा लहानसा भाग होय. जमिनीला पाय लागल्यावर तो शुद्ध पायदळाचा शिपाई असतो, किंबहुना पायदळातील इतरांपेक्षा अधिक एकाकी असतो. त्याच्या मागे रस्ता नसतो, रसद नसते, आणि वाऱ्याने पांगापांग झाल्यास नायक किंवा हवालदारही जवळ नसतो. तेव्हा अंगावर वाहून नेता येईल तेवढेच सामान, पायांत असेल तेवढाच वेग आणि डोक्यात बसलेले असेल तेवढेच शिक्षण त्याच्या उपयोगी पडते. पाठीवर पिठ्ठू बांधून मैलोगणती दौडविण्याचे कारण हे आहे.

पायदळाचे शिक्षण पार पडल्यावर आग्रा येथे उडीचे शिक्षण होते. तेथील छत्री-प्रशिक्षण शाळेतील उडी शिकविणारे उस्ताद वायुदलाचे असतात. पाच उड्या, त्यांपैकी एक रात्रीची, पूर्ण केल्यावर छातीवर ‘विंग’ मिळतो. उडी साधारणतः साडेबाराशे फुटांवरून होते. छत्री सेकंदास सुमारे सहा मीटर या वेगाने खाली येते, म्हणजे हा प्रवास एका मिनिटाहून थोडासाच अधिक असतो. जमिनीवर आदळण्याचा वेग सहा फूट उंचीच्या भिंतीवरून मारलेल्या उडीएवढा असतो. हे वाचावयास सोपे वाटते. परंतु वाऱ्याचा आडवा रेटा, अंगावरील ओझे आणि खालची नांगरट किंवा दगड यांचा हिशेब केला तर घोटा मोडणे किती सहज आहे हे ध्यानी येईल. यास्तव पडावे कसे हेच आधी शिकवितात. पाय जुळवून, गुडघे किंचित वाकवून, हनुवटी छातीला टेकवून यावयाचे. प्रथम चवडे, मग पोटरी, मांडी, नितंब आणि शेवटी पाठीचा मांसल भाग असे क्रमाने जमिनीला लावीत एका कुशीवर लोळण घ्यावयाची, की धक्का एका हाडावर न बसता साऱ्या अंगात वाटला जातो. पहिल्या खऱ्या उडीपूर्वी ही लोळण शेकडो वेळा घोटून घेतात. आपण झोपेतही कुशीवर वळताना पाय जुळवीत होतो, असे सुभेदारसाहेब सांगतात.

विमानाच्या दारातून बाहेर पडताच मोठ्याने ‘एक हजार, दोन हजार, तीन हजार’ असे मोजावयाचे असते. मोजणी पुरी होईपर्यंत विमानास जोडलेल्या दोरीने छत्री ओढली जाऊन उघडलेली असली पाहिजे. नसेल तर छातीवरील राखीव छत्री उघडावयाची. ही मोजणी कालमापनासाठी आहे खरी. परंतु भयाने गोठलेल्या मेंदूला काही तरी ठराविक काम मिळावे, हाही तिचा उपयोग होय. पहिल्या उडीच्या वेळी भीती वाटली काय, असे विचारता सुभेदारसाहेबांनी मोठे मार्मिक उत्तर दिले. पहिल्या उडीत काय होणार हे ठाऊकच नसते, म्हणून ती पार पडते. खरी कठीण ती दुसरी. दुसऱ्या उडीच्या वेळी आपल्यापुढील एका धिप्पाड मुलाचे पाय दारातच थिजले. उस्तादांनी त्याला शिवी दिली नाही की ढकलले नाही. बॅरेकमध्ये रोज हाक मारीत त्याच स्वरात त्याचे नाव घेतले आणि ‘गो’ म्हटले. मुलगा गेला. मैदानावर वर्षभर ओरडणारा माणूस त्या क्षणी इतका शांत कसा राहू शकला, याचे नवल त्यांना अद्यापि वाटते.

या शिक्षणाची परीक्षा फार लवकर झाली. 11 डिसेंबर 1971 रोजी सायंकाळी दोन पॅरा पलटण तिच्या साथीच्या तुकड्यांसह तत्कालीन पूर्व पाकिस्तानातील टांगाईल परिसरात विमानांतून उतरली. लोहाजंग नदीवरील पुंगली पूल ताब्यात घेऊन मैमनसिंगकडून ढाक्याकडे माघार घेणाऱ्या शत्रूची वाट रोखणे हे तिचे काम होते. सैनिक दूरवर पांगले. भातशेतांत, तळ्यांत आणि झाडांवर उतरले. दारूगोळ्याच्या पेट्या गोळा करण्यास गावकऱ्यांनी हातभार लावला. अंधारात दोघेतिघे मिळून पुलाच्या रोखाने चालू लागले, आणि त्याच रात्री पूल हाती आला. 16 डिसेंबर रोजी ढाक्यात प्रथम प्रवेश करणारी भारतीय पलटण हीच होय. त्या वेळी सुभेदारसाहेब एकोणीस वर्षांचे होते. आपण उतरलो तेव्हा आसपास ओळखीचे कोणीच नव्हते, आणि तरीही पुढे काय करावयाचे याचा विचार करावा लागला नाही, एवढेच ते त्या रात्रीविषयी सांगतात. लढाईचे वर्णन करावयास ते राजी नाहीत.

कडकपणा आणि क्रौर्य

पुढे ते स्वतः उस्ताद झाले. त्यामुळे या प्रश्नाच्या दोन्ही बाजू त्यांना ठाऊक आहेत. त्यांच्या वेळी काही उस्ताद हात उगारीत, हे ते लपवीत नाहीत. पण त्याचे समर्थनही करीत नाहीत. मार खाणारा मुलगा उस्तादाचा डोळा चुकवावयास शिकतो, काम शिकत नाही, असा त्यांचा अनुभव आहे. कायदाही याबाबत स्पष्ट आहे. आर्मी ॲक्ट, 1950 च्या कलम 47 अन्वये हाताखालील व्यक्तीवर बळाचा वापर करणे किंवा तिला अन्य प्रकारे वाईट वागविणे हा अपराध असून त्यास सात वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा सांगितली आहे. ‘सैन्यात मारल्याशिवाय माणूस घडत नाही’ हा समज गावोगावी दृढ आहे, आणि काही शाळांतूनही त्याचा आधार घेतला जातो. ज्यांनी सैन्य पाहिले त्यांचे मत असे नाही.

चांगल्या उस्तादाची सुभेदारसाहेबांनी सांगितलेली खूण साधी आहे. जी दौड रंगरूट धावतो ती उस्तादही धावतो, तेवढेच ओझे घेऊन. संध्याकाळी रंगरूटांचे पाय तपासणारा उस्ताद त्यांना आठवतो. बुटाने सोललेली टाच, फोड, सुजलेली नडगी हे सारे तो कंदिलाच्या उजेडात पाही, आणि लपविणाऱ्यास फोड येणाऱ्यापेक्षा मोठी शिक्षा करी.

या पाय-तपासणीचे महत्त्व वैद्यकीयदृष्ट्या फार मोठे आहे. वाढीच्या वयातील हाडांवर एकाएकी फार ताण आला तर नडगीच्या किंवा पावलाच्या हाडास केसासारखी बारीक चीर पडते. ही दुखापत जगभरच्या रंगरूटांत आढळते, आणि मुलगा ती लपवून धावत राहिला तर चीर वाढून हाड मोडू शकते. ताण हळूहळू वाढविणे, पुरेसा आहार, योग्य पादत्राणे आणि वेळेवर विश्रांती हाच तिच्यावरील उपाय होय. आपल्याकडे भरतीची तयारी करणारी मुले पहाटे डांबरी रस्त्यावर, झिजलेल्या कॅनव्हासच्या बुटांत, प्रसंगी उपाशीपोटी धावताना दिसतात. 1.6 किलोमीटर अंतर साडेपाच मिनिटांच्या आत कापले तर पूर्ण गुण मिळतात, एवढे एकच लक्ष्य त्यांच्यापुढे असते. शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांनी त्यांना मातीच्या पट्ट्यावर उतरविले आणि आठवड्यातून एक दिवस धावणे बंद ठेवावयास लावले तरी काही नडग्या वाचतील. शिवाय आता संगणकावरील लेखी परीक्षा आधी आणि धावणे नंतर, असा क्रम आहे. दहावीनंतर वही बंद करून केवळ रस्ता धरणाऱ्या मुलाचे त्यात नुकसान होते.

राहिला वयाचा प्रश्न. अठरा वर्षांखालील मुलांना लढाईत उतरवू नये यासाठी संयुक्त राष्ट्रांनी 25 मे 2000 रोजी बालहक्क संहितेस पूरक करार स्वीकारला, आणि भारताने 2005 साली त्यास मान्यता दिली. भरतीचे किमान वय सोळा असले तरी अठरा पूर्ण झाल्यावाचून सैनिकास प्रत्यक्ष कारवाईच्या क्षेत्रात पाठविले जात नाही, असे भारताने त्या वेळी जाहीर केले. शाळेच्या नोंदवहीतील जन्मतारखेस यामुळे वेगळेच वजन प्राप्त होते. तीत सहा महिने वाढविले तर जे संरक्षण कायद्याने मुलास दिले आहे तेच काढून घेतल्यासारखे होते. जन्म-मृत्यूची नोंद आज ग्रामपंचायतीतच होत असल्याने 1 जूनचा आधार घेण्याचे कारणही उरलेले नाही.

पालकांच्या सहीपूर्वी आणखी एक गोष्ट त्यांना समजावून सांगणे आवश्यक आहे. जून 2022 मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेनुसार भरती चार वर्षांसाठी होते, शिक्षणाचा काळ त्यातच धरला जातो, आणि चार वर्षांनंतर पंचवीस टक्क्यांपर्यंत अग्निवीरांना कायम सेवेत घेण्याची तरतूद आहे. साडेसतराव्या वर्षी गेलेला मुलगा बाविसाव्या वर्षापूर्वीच गावी परत आलेला असू शकतो. सुभेदारसाहेबांच्या पिढीस ही अडचण नव्हती. त्यांच्याकडे सल्ल्यास येणाऱ्या मुलांना ते प्रथम बूट काढावयास सांगतात आणि पावले पाहतात. त्यानंतर बारावीची गुणपत्रिका मागतात. योजनेच्या नियमांची माहिती जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारता येते.