रुथवेन हे नाव कुणाचं?

बायरनच्या कुठल्याही चरित्रात लेडी कॅरोलाइन लॅम्ब भेटते, आणि भेटते ती तमाशा करतानाच. पोरसवदा नोकराचा वेश घालून त्याच्या घरी जाते, १८१३ च्या एका मेजवानीत काचेने स्वतःला जखम करून घेते, ब्रॉकेट हॉलच्या आवारात गावातल्या मुलींना नाचवत त्याच्या प्रतिमेची होळी करते. हे सगळं घडलं, यात वाद नाही. पण या बाईने तीन कादंबऱ्या लिहिल्या, ही गोष्ट एका ओळीत उरकली जाते. मी इंग्रजीचा प्राध्यापक नाही. त्यामुळे 'ग्लेनार्व्हन' वाचू नये हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तिचे तिन्ही खंड वाचले.

कॅरोलाइनचा जन्म १७८५ चा, बेसबरोच्या उमराव घराण्यातला. डेव्हनशरची प्रसिद्ध डचेस जॉर्जियाना ही तिची मावशी. १८०५ मध्ये विल्यम लॅम्बशी लग्न झालं. हाच पुढे पंतप्रधान लॉर्ड मेलबर्न. डिसेंबरात पहाटे उठून आपण ज्या शहरातली कसोटी बघतो, ते त्याच्याच नावाचं. एकुलत्या मुलाला फेफरं येई, त्याची बुद्धीही वाढली नाही. बायरनशी संबंध आला १८१२ च्या मार्चमध्ये आणि ऑगस्टपर्यंत संपलाही.

त्या वर्तुळात विवाहबाह्य संबंध ही नवलाई नव्हती. तिच्या आईला प्रियकरापासून दोन मुलं होती. सासूबद्दल तर विल्यम नेमका कुणाचा, अशी कुजबुज कायम असे. मावशीच्या घरात नवऱ्याची दुसरी बाई मैत्रीण म्हणून नांदत होती. सगळ्यांना सगळं माहीत होतं, कुणी बोलत नव्हतं. कॅरोलाइनने ते छापलं.

एप्रिल १८१६ मध्ये बायरनने इंग्लंड सोडलं आणि मे महिन्यात हेन्री कोलबर्नने 'ग्लेनार्व्हन' बाजारात आणली. लेखिकेचं नाव नव्हतं, पण ते ओळखायला कुणाला वेळ लागला नाही. त्याच वर्षी तीन आवृत्त्या निघाल्या. लेडी हॉलंड 'मादागास्करची राजकुमारी' झाली होती. नायकाचं निरोपाचं पत्र तर बायरनच्याच पत्रावरून घेतलेलं. लेडी जर्सीने ऑलमॅक्सच्या नृत्यसभेच्या यादीतून तिचं नाव काढून टाकलं. आपल्याकडे याला वाळीत टाकणं म्हणतात. बायरन स्वतःच्या अनुभवांवर काव्य लिहून रातोरात कीर्तिमान झाला होता, हे इथे विसरू नये.

कोण कोणावर बेतलंय हे शोधण्याच्या नादात वाचकांनी कथानक बाजूला टाकलं. ते घडतं आयर्लंडमध्ये, १७९८ च्या बंडाच्या काळात. बेसबरो घराण्याची जहागीर तिथलीच. बायरनपासून दूर नेण्यासाठी घरच्यांनी १८१२ मध्ये तिला तिथेच ठेवलं होतं. ग्लेनार्व्हन बंडखोरांना चेतवतो आणि ऐनवेळी त्यांना सोडून इंग्रजांच्या आरमारात जातो. नायिका कॅलांथाला तो फसवतो, तसाच आयरिश जनतेलाही. या दोन फसवणुका एकमेकींशेजारी ठेवणं, हे मला या कादंबरीचं खरं बळ वाटतं. बाकी लेखन विस्कळीत आहे, संवाद जड आहेत, मधला खंड तर रेंगाळतोच. तरी विद्रोही एलिनॉर घोड्यासह कड्यावरून समुद्रात झेपावते, ते पान मी दोनदा वाचलं.

पुढे 'ग्रॅहम हॅमिल्टन' (१८२२) आणि 'एडा रीस' (१८२३) आल्या. १८२५ मध्ये नवऱ्यापासून रीतसर विभक्त झाली आणि जानेवारी १८२८ मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी, वारली. शेवटी नवरा आयर्लंडहून धावत आला होता.

आता नावाचं. १८१९ मध्ये कोलबर्नच्याच मासिकात 'द व्हॅम्पायर' ही गोष्ट बायरनच्या नावावर छापून आली. ती होती त्याचा डॉक्टर पॉलिडोरी याची. उमरावांच्या दिवाणखान्यात वावरणारा, सुसंस्कृत, देखणा रक्तपिपासू इंग्रजी गद्यात अवतरला तो इथे. 'ड्रॅक्युला'ला अजून अठ्ठ्याहत्तर वर्षं होती. या रक्तपिपासूचं नाव लॉर्ड रुथवेन. तीन वर्षांपूर्वीच्या कादंबरीत ग्लेनार्व्हनचं पूर्ण नाव होतं क्लॅरेन्स डी रुथवेन. ते ठेवलं होतं कॅरोलाइन लॅम्बने.