वैद्याची सनद आणि सरकारी नोंदपट

नांदेड व लातूर भागांतील जुन्या घराण्यांच्या दप्तरांत इनामपत्रें व पोथ्या यांबरोबर वैद्यकीचे कागदही असूं शकतात. संग्राहक त्यांतील पोथी तेवढी उचलतात. नोंदणीचा दाखला, दवाखान्याची वही किंवा वैद्यसभेचें छापील निवेदन मात्र रद्दींत जातें. ही आमच्या मतें मोठी हानि आहे. औषध देण्याचा अधिकार कोणास, आणि तो ठरविणार कोण, या वादाचा पुरावा ह्याच कागदांत असतो. व तो वाद अद्याप मिटलेला नाहीं. त्याचा क्रम येथें थोडक्यांत देण्याचें योजिलें आहे.

पूर्वीं वैद्याचा अधिकार गुरुपरंपरेनें व लोकांच्या विश्वासानें ठरे. मुंबई इलाख्यांत १९१२ च्या कायद्यानें पाश्चात्य वैद्यक शिकलेल्यांचा सरकारी नोंदपट सुरू झाला. वैद्य-हकीमांस त्या कायद्यानें व्यवसायाची बंदी केली नाहीं. परंतु कायद्यास लागणाऱ्या वैद्यकीय दाखल्यावर सही करण्याचा मान नोंदलेल्यांकडेच राहिला. वैद्याचा रोगी त्याजकडे राहिला, पण सरकारदरबारीं त्याच्या शब्दाचें वजन गेलें.

या प्रश्नावर दोन्ही पक्ष संघटित झाले. मुंबईंत डॉक्टरांची बॉम्बे मेडिकल युनियन १८८३ सालीं स्थापन झाली. शंकर दाजीशास्त्री पदे यांनीं १९०७ सालीं नाशिक येथें आयुर्वेद महासंमेलनाचा पाया घातला. पुढें १९२८ सालीं कलकत्त्यास डॉक्टरांची अखिल भारतीय संघटना निघाली. तीच आजची इंडियन मेडिकल असोसिएशन. लायक माणसाचा हक्क मान्य व्हावा व भोंदूस आळा बसावा, ही मागणी दोन्हीकडे एकच होती. लायक कोणास म्हणावें, येथेंच वाट फुटे. १९३८ च्या मुंबईच्या कायद्यानें वैद्य-हकीमांसाठीं निराळा नोंदपट निर्माण केला, तेव्हां या मागणीस एका अंगानें यश आलें.

परंतु हे कायदे नांदेड-लातुरास लागू नव्हते. हा मुलूख निजामाच्या राज्यांत असून तेथें युनानी वैद्यकास दरबारचा आश्रय होता. १९४८ त संस्थान विलीन झालें. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला. आणि १९६१ च्या महाराष्ट्राच्या कायद्यानें वैद्य-हकीमांच्या नोंदणीस एकरूपता आली. म्हणून १९५६ पूर्वींचा मुंबईचा दाखला नांदेडच्या घरांत सांपडला, तर तेवढ्यावरून तो कायदा नांदेडांत चालत होता असें अनुमान काढूं नये. धारक मुंबई प्रांतांत नोंदला गेला असावा, इतकेंच त्यावरून ठरतें.

कागद तपासतांना आणखी दोन गोष्टी पाहाव्या. हैदराबादचें फसली वर्ष ऑक्टोबरच्या आरंभीं सुरू होई. त्यांत वर्षारंभापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९० व पुढील महिन्यांस ५९१ मिळविले म्हणजे इसवी सन निघतो. दुसरें, जिल्ह्यांच्या सीमा बदलल्या आहेत. किनवट १९५६ पूर्वीं आदिलाबादेंत व उदगीर बिदरांत होतें. लातूर १९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यांत होतें. जुना कागद आजच्या जिल्ह्याच्या नांवाखालीं शोधणारास तो मिळणार नाहीं.

वादाचें पुढील प्रकरण न्यायालयांत गेलें. मुंबईच्या एका प्रकरणांत १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें, होमिओपॅथीचा नोंदलेला वैद्य ॲलोपॅथीचें औषध देतो तर तो हयगयच करतो, असा निर्णय दिला. १९९८ सालीं त्याच न्यायालयानें दुसऱ्या प्रकरणांत, देशी वैद्यकाच्या नोंदलेल्या व्यावसायिकाचा आधुनिक औषधें देण्याचा अधिकार राज्याच्या कायद्यानें तो मान्य केला असेल तेवढाच, असें सांगितलें. महाराष्ट्रानें २०१४ सालीं एक वर्षाचा औषधशास्त्राचा अभ्यासक्रम पुरा करणाऱ्या होमिओपॅथांस मर्यादित मुभा देणारी दुरुस्ती केली. असोसिएशन त्याविरुद्ध उच्च न्यायालयांत गेली, व १८ सप्टेंबर २०२५ रोजीं तिनें राज्यभर एक दिवसाचा बंद पुकारला.

संघटना स्वतःच्या हितासाठीं भांडते हें खरें. पण तिचा आक्षेप तेवढ्यानेंच खोटा ठरत नाहीं. अपुऱ्या शिक्षणानें दिलेल्या औषधाची किंमत रोगी भरतो. उलटपक्षीं, ज्या खेड्यांत पदवीधर डॉक्टर राहावयास जात नाहीं, तेथें वैद्यासही मनाई केली तर रोग्यास कोणीच उरत नाहीं. या दोन संकटांमधील रेषा प्रत्येक पिढीनें निराळ्या ठिकाणीं ओढली आहे. ती कोठें, कां व कोणाच्या आग्रहानें ओढली गेली, हें कायद्याच्या पुस्तकांत अर्धेंच दिसतें. उरलेलें वैद्याच्या वहींत असतें. कोणतें औषध कोणास दिलें, दाम घेतले कीं नाहींत, रोगी पुढें शहरीं धाडला कीं नाहीं, हें त्या वह्याच सांगूं शकतात. म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, अशी वही हातीं आल्यास ती मूळ दप्तरापासून तोडूं नये, गांव व घराणें यांची नोंद करावी, आणि रोग्यांचीं नांवें प्रसिद्ध करूं नयेत.