कष्टाच्या देहाला योगाची जोड

संयुक्त राष्ट्रसंघाने ११ डिसेंबर २०१४ रोजी २१ जून हा दिवस आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून घोषित केला आणि २०१५ पासून तो देशभर साजरा होऊ लागला. कृषी विज्ञान केंद्रे, कृषी विद्यापीठे व संशोधन संस्थांमध्येही त्या दिवशी सामूहिक योगाभ्यास होतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र ही तारीख अडचणीची आहे. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात कोकणात भाताची रोपे वाढत असतात, पंजाबात लावणी चालू असते, तर विदर्भ-मराठवाड्यात वाफसा येण्याची वाट पाहत तिफण सज्ज ठेवलेली असते. ज्यांच्यासाठी कार्यक्रम आखावा तेच शेतावर, आणि सतरंजीवर बहुतांशी कर्मचारीवर्ग, असे चित्र त्यामुळे दिसते.

त्यातच एक आक्षेप हमखास ऐकू येतो: दिवसभर राबणाऱ्याला योगाची काय गरज? आक्षेप वरवर सयुक्तिक वाटला तरी श्रम आणि व्यायाम या दोन भिन्न गोष्टी आहेत. शेतीतील श्रमात ठरावीक हालचाली शेकडो वेळा, एकाच दिशेने व थकवा आल्यावरही कराव्या लागतात. भातलावणी करणारी स्त्री तासन्‌तास कमरेत वाकलेली असते. खुरपणीत गुडघे पूर्ण दुमडून बसावे लागते. पाठीवरचा १६ लिटरचा फवारणी पंप भरल्यावर खांद्यांना ओढतो. आसामच्या चहामळ्यात टोपलीचा पट्टा कपाळावर येतो व त्याचा भार मान सोसते. ऊसतोडणी कामगाराच्या मानेवर तोच भार मोळीच्या रूपाने पडतो. शरीराचा काही भाग अतिवापराने झिजतो आणि काही भागास दिवसभरात ताणही मिळत नाही. योगासनांचे प्रयोजन येथे आहे. पतंजलींनी आसनाचे लक्षण सांगताना स्थैर्य व सुख यांवर भर दिला आहे. घाई आणि झटका हे दोन्ही त्यात बसत नाहीत.

यावरून आसनांची निवड कामाच्या स्वरूपानुसार करावी, हे ओघानेच येते. दिवसभर वाकून काम करणाऱ्यास सायंकाळी पुन्हा पश्चिमोत्तानासन किंवा पादहस्तासन करावयास लावणे गैर होय. पुढे वाकल्याने मणक्यांमधील चकत्यांवर समोरच्या बाजूने दाब येतो आणि पाठीचे स्नायू व बंध सतत ताणलेले राहतात. अशा पाठीला विरुद्ध दिशेची हालचाल हवी. आधी मकरासनात दोन-तीन मिनिटे पालथे पडून विश्रांती, मग भुजंगासन व एकेका पायाने शलभासन, असा क्रम सोयीचा ठरतो. भुजंगासनात हातांवर जोर देऊन धड वर ढकलू नये. पाठीच्या स्नायूंनी जेवढे उचलले जाईल तेवढेच उचलावे. दीर्घकालीन कंबरदुखीत योगाभ्यासाचा माफक उपयोग होतो, असे वैद्यकीय अभ्यासांत दिसून आले आहे. तथापि कंबरेतून पायात उतरणारी कळ, पायाला बधिरता किंवा जोर कमी होणे ही लक्षणे असल्यास आसने थांबवून प्रथम डॉक्टरांकडे जावे.

खुरपणी करणाऱ्यांचे गुडघे दुखत असतील तर वज्रासनाचा आग्रह धरू नये. डोक्यावरून ओझी वाहणाऱ्यांनी शीर्षासन व सर्वांगासन टाळलेलेच बरे. त्यांना मानेच्या सावकाश हालचाली व ताडासन पुरेसे आहे. उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा हर्निया असलेल्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी कपालभाती करू नये. प्राणायामाविषयी आणखी एक सूचना शेतीपुरतीच आहे, म्हणून ती शहरी वर्गांत सहसा ऐकावयास मिळत नाही: नुकतीच फवारणी झालेल्या शेतात किंवा औषधे ठेवलेल्या खोलीत दीर्घ श्वसन करू नये. फवारणीनंतर अंघोळ करून, कपडे बदलूनच अभ्यासास बसावे. शरीरात गेलेले कीटकनाशक प्राणायामाने बाहेर पडत नाही. हातमोजे, मुखपट्टी व वाऱ्याची दिशा यांना पर्याय नाही.

योगाचा शास्त्रीय कसोटीवर अभ्यास करण्याची परंपरा महाराष्ट्रातच रुजली. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योग मीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. आज आयुष मंत्रालयाचा सुमारे ४५ मिनिटांचा सामान्य योग अभ्यासक्रम सर्वत्र प्रचलित आहे. कार्यालयातील कामकऱ्यांसाठी पाच मिनिटांचा ‘वाय-ब्रेक’ही आहे. शेताच्या बांधासाठी असे काही रचणे विस्तार कार्यकर्त्यास अवघड नाही. दुपारची न्याहारी सोडण्यापूर्वी पोट रिकामे असते. त्या वेळी ताडासन, कटिचक्रासन, कमरेवर हात ठेवून अलगद मागे वाकणे आणि मोजके दीर्घ श्वास एवढे उभ्यानेच, नऊवारीतही, करता येते. सकाळी सहाचा वर्ग स्त्रियांच्या उपयोगाचा नाही. त्या वेळी धारा, पाणी आणि चूल यांतून त्यांची सुटका नसते. शेतीशाळेच्या प्रत्येक बैठकीत पहिली दहा मिनिटे यासाठी ठेवल्यास सवय लागण्याची शक्यता अधिक. नव्याने सुरुवात करावयाची तर रब्बीची काढणी उरकल्यानंतरचे दिवस उत्तम. आसनांबरोबरच कष्ट कमी करणाऱ्या अवजारांचाही प्रसार व्हावा. सायकल कोळप्याने उभ्याने निंदणी होत असेल, तर वाकण्याचा त्रास मुळातच टळतो आणि भुजंगासनाची गरजही कमी भासते.

मानसिक स्वास्थ्याचा प्रश्न अधिक नाजूक आहे. पावसाचा खंड, पडलेले भाव आणि हप्त्याची तारीख यांनी झोप उडालेल्या माणसास भ्रामरी किंवा नाडीशोधनाने काही काळ शांतता मिळू शकते. सावकाश, लांब उच्छ्वासामुळे हृदयाची गती मंदावते आणि झोप लागणे सुलभ होते. कुंभक न करता, रात्री निजण्यापूर्वी दहा मिनिटे हा अभ्यास करणे सुरक्षित आहे. मात्र कर्ज योगाने फिटत नाही. पीकविमा, कर्जाचे पुनर्गठन, पंचनामा यांसाठी मदत मागणाऱ्यास केवळ योगाचा सल्ला देऊन परत पाठविणे ही त्याची उपेक्षाच ठरते. दोन्ही गोष्टी एकत्र चालल्या पाहिजेत.

गावोगाव फिरणारा विस्तार कार्यकर्ता बदल लवकर टिपू शकतो. नेहमी बैठकीस येणारा शेतकरी येईनासा होणे, पीक उभे असूनही त्याकडे दुर्लक्ष करणे, मद्यपान वाढणे, जनावरे किंवा अवजारे अकारण वाटून टाकणे, ‘आता माझे काय राहिले’ अशी भाषा येणे, ही चिन्हे दिसताच त्या व्यक्तीशी एकांतात बोलावे व तिला एकटे सोडू नये. २०२२ पासून सुरू असलेली टेली-मानस ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य उपलब्ध असून तेथे मराठीतही बोलता येते. क्रमांक नुसता देण्यापेक्षा स्वतःच्या फोनवरून लावून द्यावा. घरातील कीटकनाशके कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्या विश्वासू व्यक्तीकडे देण्यास कुटुंबीयांना त्याच दिवशी सांगावे.